मैदा काढला तर बिस्किट उभं कशावर राहणार?

दुसऱ्या खेपेची बिस्किटं जांभळी निघाली. अगदी वांग्याच्या सालीसारखी नव्हेत, पण पावसाळ्यात भिंतीला ओल धरते ना, तसल्या राखाडी-जांभळ्या रंगाची. आत्या पत्र्यात डोकावली आणि म्हणाली, "काय करूलीस गं तू सकाळी सकाळी? ही बिस्किटं हायत की कसलं औषध?"

बिस्किटं तिच्यासाठीच होती. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. आत्याचा वर्षानुवर्षांचा नेम म्हणजे सकाळी उठल्यावर कपभर चहा आणि त्यात बुडवायला चार टोस्ट. टोस्ट संपले असतील तर खारी, खारी नसेल तर बटर. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पहिली काट मारली ती नेमकी यावर. भात कमी करायला ती कुरकुरत का होईना तयार झाली, पण चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला हवं, यावर मात्र ती अडून बसली. "मी काय नुसता चहा पितो होय?" आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी खातो' असंच बोलतात, तेव्हा बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.

म्हणून मी कमी कर्बोदकांची, तिखटमिठाची, सकाळी खाता येतील अशी बिस्किटं घरी भाजायच्या मागे लागले. ढिगाने कृती वाचल्या, त्यातल्या बऱ्याच बिघडल्या. शेवटी कळलं ते असं, की इथे कृती पाठ करून भागत नाही. मैदा बिस्किटात नेमकं काय काय करत असतो हे आधी समजून घ्यावं लागतं. ते समजलं की जांभळा रंगही समजतो.

बिस्किट म्हणजे नेमकं कुठलं?

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'दोनदा भाजलेलं'. त्या हिशेबाने आपला टोस्ट हेच खरं बिस्किट, कारण पाव एकदा भाजायचा, मग कापून पुन्हा भाजायचा. आपण बिस्किट म्हणतो ते पातळ आणि कुरकुरीत. अमेरिकेत मात्र बिस्किट म्हणजे मऊ, जाड, आतून पापुद्र्यांचं, छोट्या पावासारखं काहीतरी. ताक, लोणी आणि मऊ गव्हाचा कमी प्रथिनांचा मैदा घालून ते करतात, आणि सकाळी गरम गरम मधोमध उघडून त्यात लोणी, अंडं किंवा सॉसेज घालून खातात. कमी कर्बोदकांच्या ज्या कृती बाहेरून आपल्यापर्यंत येतात त्या बहुतेक याच मऊ बिस्किटाच्या असतात. मैद्याच्या जागी सालं काढलेल्या बदामाचं बारीक पीठ, वर चेडर चीज, अंडी, आणि चमच्याने पत्र्यावर टाकलेले गोळे.

ही कल्पना आजकालची नाही बरं का. इन्शुलिन सापडलं 1921 साली. त्याआधी मधुमेहावर पथ्याशिवाय दुसरा इलाजच नव्हता. 19व्या शतकात लंडनमधले डॉक्टर फ्रेडरिक पेव्ही आपल्या रुग्णांसाठी बदामाच्या पिठाचं बेकिंग सुचवत होते. म्हणजे आत्याच्या टोस्टचं दुखणं निदान दीडशे वर्षांचं जुनं आहे.

आधी आकडे, कारण फसगत इथेच होते

'कमी कर्बोदकं' याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही, पण दिवसाला साधारण 130 ग्रॅमच्या खाली कर्बोदकं असली की त्या आहाराला लो-कार्ब म्हणायची पद्धत आहे. याहून कडक पथ्य करणारे 50 ग्रॅमच्याही खाली जातात.

आता आपल्या डब्यांकडे बघा. 100 ग्रॅम मैद्यात साधारण 75 ग्रॅम कर्बोदकं. इथवर कुणाची हरकत नसते. पण जोंधळा, नाचणी, खपली गहू, घरचा चक्कीचा आटा, हे सगळे धरा 65 ते 75 च्या मध्ये. आमच्या भागात खपलीला फार मान. 'शुगरवाल्यांनी खपलीच खावी' हे मी लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये आणि दवाखान्याच्या बाकड्यावरही ऐकलंय. खपलीत आणि जोंधळ्यात चोथा जास्त असतो आणि मैद्यापेक्षा ते केव्हाही बरे, यात वाद नाही. पण ते कमी कर्बोदकांचे नव्हेत. साखर सावकाश चढणं वेगळं आणि चढवणारा माल कमी असणं वेगळं. नाचणीची बिस्किटं पुडक्यातून आणून 'लो-कार्ब' समजून अर्धं पुडकं संपवणारे माझ्या माहितीत निदान तिघे आहेत. पुडक्यावर 'साखर नाही' असं लिहिलेलं असतं तेही खरंच असतं, फक्त आत मैदा असतो.

बेसन मधलं. 100 ग्रॅममध्ये सुमारे 58 ग्रॅम, त्यातला 11 च्या आसपास चोथा. खरी उडी दिसते ती तेलबियांत आणि सुक्या मेव्यात. बदामात 100 ग्रॅमला साधारण 21 ग्रॅम कर्बोदकं आणि त्यातली 12 ग्रॅम चोथा. शेंगदाण्यात 16, त्यातला अर्धा चोथा. आणि जवस, ज्याला कुणी अळशी म्हणतं आणि शेजारची कन्नड घरं अगसी म्हणतात, त्यात 29, पण त्यातले 27 चोथाच. चोथा आपल्याला साखरेसारखा पचत नाही, म्हणून लोक तो वजा करून उरलेल्याला 'नेट कार्ब' म्हणतात. हिशेब ढोबळ आहे, पण उपयोगाचा आहे.

काजूचं मात्र सांगून ठेवते, कारण आमच्याकडे मोह तिथेच होतो. खानापूर, चंदगड हा पट्टा काजूचा. तुकडा काजू बदामापेक्षा स्वस्त पडतो, दळला की पीठ पांढरंशुभ्र होतं आणि चवीला गोडसर लागतं. गोडसर लागतं तिथेच संशय यायला हवा होता. काजूत 100 ग्रॅमला 30 ग्रॅम कर्बोदकं आणि चोथा जेमतेम 3. बदामाच्या नेटपेक्षा हे जवळजवळ तिप्पट. चवीपुरता घाला, पीठ म्हणून नको.

मैद्याची तीन कामं

आता मुद्द्याचं. मैदा बिस्किटात एकटा तीन माणसांचं काम करतो.

पहिलं काम जाळीचं. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजली आणि मळली गेली की त्यांची चिवट जाळी होते, तिला ग्लुटेन म्हणतात. पुरणपोळीची कणीक तासभर भिजवून, तेल लावून तिंबतात आणि मग ती रबरासारखी ताणली जाते, तेच ते. फुगताना तयार होणारी हवा ही जाळी धरून ठेवते.

दुसरं काम खळीचं. पिठातला स्टार्च पाणी पिऊन साठ-सत्तर अंशांच्या आसपास फुगतो, चिकट होतो आणि निवल्यावर घट्ट बसतो. हे काम कुठल्याही भाकरी करणाऱ्या बाईला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. जोंधळ्यात ग्लुटेन नाही, मग भाकरी थापताना फाटू नये म्हणून आपण काय करतो? आधणाचं पाणी घालतो. उकळतं पाणी पडलं की पिठातला थोडा स्टार्च तिथल्या तिथे शिजतो आणि गोंदासारखा चिकटतो. जाळी नाही तर खळीवर भागवायचं, एवढंच आधणाचं शास्त्र.

तिसरं काम पाणी धरून ठेवायचं. म्हणून मैद्याचं बिस्किट भाजताना पत्र्यावर पसरत नाही.

या तिन्हींवर लगाम म्हणून आपण मोहन घालतो. नानकटाईत डालडा किंवा तूप सढळ हाताने जातं, शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन. चरबी पिठाच्या कणांना वेढून टाकते, पाणी आत जाऊ देत नाही, जाळी नीट बनत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन फार झालं तर काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. शंकरपाळी तेलात सुटतात, नानकटाई उचलताच हातात भुगा होतो.

आणि बदामाचं पीठ किंवा शेंगदाण्याचा कूट म्हणजे काय? त्याच्या वजनातला निम्मा भाग तेल. मोहन त्याच्या आतच भरलेलं आहे, तेही बेसुमार. जाळी नाही, खळी जवळजवळ नाही. आधणाचं पाणी घालूनही उपयोग नाही, शिजायला स्टार्चच नाही. मैद्याच्या कृतीत मैदा काढून तेवढाच कूट घातला तर ती कृती म्हणजे नुसतं मोहन, पीठ नाही. माझी पहिली खेप अशीच गेली. पत्र्यावर बारा गोळे ठेवले होते, वीस मिनिटांनी एकच मोठा, कडेने तेल सुटलेला, खमंग वासाचा डबका झाला होता. तो आम्ही चुरून भातावर घालून खाल्ला. चव उत्तम होती!

ती कामं वाटून कुणाला द्यायची

एक माणूस गेला तर त्याचं काम चौघांत वाटायचं.

जाळीचं काम अंडं करतं. अंड्यातली प्रथिनं साठ-सत्तर अंशांना घट्ट होतात आणि त्यात हवा अडकून राहते. त्याला जोड चीजची किंवा पनीरची. चीज आधी वितळून कणांमध्ये शिरतं, मग निवताना आळतं. पनीर वितळत नाही पण अंग देतं. घरचं पनीर करणार असाल तर पाणी पूर्ण निथळू द्या आणि हाताने लोण्यासारखं मळून घ्या, नाहीतर बिस्किटात पांढऱ्या गाठी राहतात.

पाणी धरायचं काम जवसाचं. जवस दळून पाण्यात भिजवा आणि दहा मिनिटांनी बोट घालून बघा. भेंडी चिरल्यावर हाताला लागतो तसला बुळबुळीतपणा येतो. तो जवसाच्या सालीतला डिंकासारखा पदार्थ, पाणी शोषून धरून ठेवणारा. एक चमचा पुडीला तीन चमचे पाणी हे प्रमाण. जवसाची चटणी आमच्याकडे घरोघरी भाकरीबरोबर असते, त्यामुळे हा माल आणायला कुठल्या मोठ्या दुकानात जावं लागत नाही, रविवार पेठेत सहज मिळतो. फक्त दळलेला जवस ठेवू नये. त्यातलं तेल फार लवकर खवट होतं. आठवड्यापुरताच दळा.

जवसापेक्षा जबरदस्त काम इसबगोल करतं. पोट साफ व्हायला घेतात तेच. दोन छोटे चमचे घातले की सैल पीठ पाच मिनिटांत गोळ्यासारखं होतं, आणि भाजलेल्या बिस्किटाला पावासारखा थोडा ताण येतो. आणि हो, जांभळ्या रंगाचं कोडं हेच. काही इसबगोल भाजल्यावर राखाडी-जांभळा रंग सोडतो. सगळा नाही, एका पुड्यातला सोडतो, दुसऱ्यातला सोडत नाही. खायला अपाय नाही, डोळ्यांना आहे. मी पुडा बदलला, रंग गेला. रंगाचाच दुसरा खेळ सूर्यफुलाच्या बियांचा. त्यांचं पीठ आणि खायचा सोडा एकत्र आले की बिस्किट हळूहळू हिरवं पडतं. बियांमधल्या एका आम्लाचा सोड्याच्या क्षाराशी संबंध आला की रंग बदलतो. तेही निरुपद्रवी. पण जांभळ्यानंतर हिरवं आत्यापुढे ठेवायची माझी छाती झाली नाही.

नारळाचं पीठ हा वेगळाच प्राणी. त्यातलं तेल काढून घेतलेलं असतं आणि चोथा प्रचंड असतो, त्यामुळे ते वाळूसारखं पाणी पितं. बदामाच्या कृतीत तेवढंच नारळाचं पीठ घातलंत तर घशात अडकणारा लाकडाचा भुसा तयार होतो. घालायचंच तर बदामाच्या पाव हिश्श्याने, आणि अंडी वाढवून. घरच्या सुक्या खोबऱ्याचा कीस म्हणजे नारळाचं पीठ नव्हे. त्यात तेल तसंच असतं.

फुगवायचं काम सोड्याचं, आणि ते तुम्हाला ढोकळ्यावरून माहीत आहे. सोड्याला आंबट भेटलं की वायू सुटतो. इथे आंबट म्हणजे दही. आंबट कमी पडलं तर उरलेला सोडा साबणासारखी चव सोडतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही कोरडे एकत्र असतात, म्हणून ती एकटीही चालते. ती 1843 मध्ये इंग्लंडच्या अल्फ्रेड बर्ड यांनी बनवली, कारण त्यांच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. घरच्या माणसाच्या पथ्यापायी स्वयंपाकघरात खटपट करणारे आपण एकटे नाही, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

आमच्या घरी टिकलेली कृती

बाहेरच्या कृती बदामावर आहेत. बदामाचं पीठ घातलंत तर बिस्किट जास्त नाजूक आणि चवीला सौम्य होतं, पण रोजच्या चहाला बदाम परवडत नाही. शेंगदाणा परवडतो, शिवाय त्याची चव आमच्या जिभेची आहे. तेव्हा मी दाण्यांवर बेतलेलं प्रमाण सांगते. बदाम घ्यायचा तर तेवढ्याच वजनाने घ्या. वजनाने म्हणजे वजनानेच, वाटीने नव्हे. कूट दाबून भरला की सैल यावर वाटीत वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि इथे तेवढ्याने बिस्किटाचा डबका होतो.

दाणे आधी निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी लागलेले, कडू लागणारे दाणे बेलाशक टाकून द्या, कारण बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही. 100 ग्रॅम दाणे मंद भाजून, पूर्ण गार करून, साल पाखडून घ्या. मिक्सर चालवायचा तो टिचकी मारल्यासारखा, थांबत थांबत. सलग फिरवला की भांडं तापतं, दाणे तेल सोडतात आणि कुटाचं लोणी होतं. मी दाण्यांबरोबरच 50 ग्रॅम जवस टाकते. जवस तेल थोडं आवरून धरतो. कूट रव्याइतका हवा, पिठीसाखरेइतका बारीक नको.

या कुटात दोन छोटे चमचे इसबगोल, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, मीठ, भरडलेलं जिरं, चिमूटभर ओवा. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, 60 ग्रॅम आंबटसर घट्ट दही, 30 ग्रॅम लोणी, आणि 60 ग्रॅम किसलेलं चीज किंवा मळलेलं पनीर. हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर आपापल्या घरच्या हिशेबाने. आमच्याकडे मिरच्या तीन पडतात. दोन्ही एकत्र करून कालवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. हे थांबणं चुकवू नका, सगळं बांधणीचं काम याच दहा मिनिटांत होतं. सुरुवातीला भज्याच्या पिठाएवढं सैल दिसलं की हात आणखी कूट घालायला शिवशिवतो. घालू नका. दहा मिनिटांनी चमचा उभा राहील इतकं ते घट्ट होतं. मग ओल्या हाताने दहा चपटे गोळे करा, बोटभर जाडीचे, बटर पेपरवर अंतर ठेवून.

ओव्हन 170 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. मधल्या कप्प्यात 20 ते 22 मिनिटं. बाहेरची कृती बघून करत असाल तर तिथला आकडा फॅरनहाइटचा असतो. 350 म्हणजे आपले 177. घरगुती ओटीजीचं बटण आणि आतली खरी उष्णता यांचं अनेकदा जमत नाही, त्यामुळे पहिल्या वेळी पंधराव्या मिनिटापासून काचेशी बसा. तेल असलेला कूट मैद्यापेक्षा झटकन लाल होतो, वरून झालेला आणि आतून ओला. कडा तांबूस आणि मधला भाग बोटाने दाबल्यावर परत वर आला की बाहेर काढा.

आणि मग हात लावू नका. मैद्याचं बिस्किट गरम उचललं तरी चालतं, हे नाही चालत. चीज आणि चरबी निवता निवताच घट्ट होतात. पंधरा मिनिटं पत्र्यावरच राहू द्या. माझी तिसरी खेप फक्त घाईने मोडली.

ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरून वर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा, मग ताटली ठेवून मंद आचेवर 25-30 मिनिटं. वरून रंग येत नाही, शेवटी तव्यावर उलटं टाकून घ्यायचं. दिवाळीत नानकटाईचं पीठ डबा भरून गल्लीतल्या बेकरीत भट्टीला न्यायची पद्धत आमच्याकडे आहे, तशी मी ही बिस्किटं एकदा नेली. नानकटाईच्या भट्टीत ती सात मिनिटांत काळी झाली. दोष भट्टीचा नाही. ती मैद्यासाठी पेटवलेली होती.

कुरकुरीतच हवी असतील तर दही वगळा, अंडं एकच घ्या, दोन बटर पेपरमध्ये पातळ लाटून शंकरपाळ्यासारख्या रेघा मारा, 150 अंशांवर भाजा आणि ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवून आतच वाळू द्या. आमच्या पावसाळ्यात ती डब्याबाहेर अर्धा तासही कुरकुरीत राहत नाहीत. मऊ बिस्किटं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात.

एक बिस्किट म्हणजे किती?

माझ्या हिशेबाने या दहातल्या एका बिस्किटात चोथ्यासकट साधारण 5 ग्रॅम कर्बोदकं, चोथा वजा केला तर 2 च्या आसपास. प्रथिनं सहाएक ग्रॅम. तुलनेला जोंधळ्याच्या एका मध्यम भाकरीत, 60 ग्रॅम पीठ धरलं तर, चाळीसच्या आसपास कर्बोदकं येतात. पण कॅलरी बघा. एका बिस्किटात दीडशेच्या जवळपास, कारण चरबीच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅमला 4. 'शुगर-फ्री आहे' म्हणून सहा खाल्ली तर जेवणाएवढं होतं. दोन पुरतात, आणि खरंच पुरतात. चोथा, प्रथिनं आणि चरबी एकत्र आल्यावर दहाच्या सुमाराला भूक लागत नाही, हे आत्याने स्वतः कबूल केलं.

शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी मात्र एकदम टोस्ट बंद आणि हे सुरू असं करू नये. काही गोळ्या आणि इन्शुलिन खाल्लेल्या कर्बोदकांच्या अंदाजाने दिलेले असतात. कर्बोदकं अचानक कमी झाली आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. काही नव्या गोळ्यांवर कर्बोदकं फारच कमी करणं वेगळ्या कारणाने धोक्याचं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांचा प्रथिनांचा हिशेब वेगळा. डॉक्टरांना विचारून, डोस ठरवून, मग सुरू करा. घरी ग्लुकोमीटर असेल तर टोस्टच्या दिवशी आणि या बिस्किटाच्या दिवशी, खाल्ल्यावर दोन तासांनी, एकेकदा बोट टोचून बघा. आत्याने बघितलं. आकडा सांगत नाही, तिचा तिला. पण त्या दिवशी टोस्टचा डबा तिने स्वतः उचलून शेजारच्या पोरांना दिला.

ही बिस्किटं चहात बुडवता येत नाहीत, तळाशी बसतात. ती मधोमध चिरून, चिरलेली बाजू तव्यावर टेकवून, लोण्याचा बोटभर गोळा आणि वर कारळ्याची चटणी. आत्या आता अशी खाते, चहा वेगळा पिते.

श्रावणाचं कोडं अजून सुटलेलं नाही. त्या महिन्यात आमच्या घरात अंडं येत नाही. दोन अंड्यांऐवजी दोन चमचे जवस सहा चमचे पाण्यात भिजवून, पनीर दुप्पट आणि दोन चमचे बेसन, असं करून पाहिलं. बांधलं जातं, पण फुगत नाही, झुणक्याच्या वडीसारखं दाट होतं. दोन चमचे बेसनाने बिस्किटामागे एकेक ग्रॅम कर्बोदकं वाढली ती वेगळीच. आत्याला ती वडीच जास्त आवडली. "हे बिस्किट म्हणून नको देऊस, वडी म्हणून दे, मी खातो," म्हणाली.